आइस्क्रीममध्येही तेच, इंजेक्शनमध्येही तेच! मग पॉलिसॉर्बेटच्या दर्जाला एवढं महत्त्व का?

उरण तालुक्यातल्या जासईवरून जेएनपीए बंदराचे कंटेनर रात्रंदिवस धावत असतात. अशा कंटेनरमधून येणाऱ्या रसायनाचं नाव कागदावर एकच असलं, तरी दर्जा वेगवेगळा असू शकतो. पॉलिसॉर्बेट ८० हे असंच एक रसायन. ते आइस्क्रीममध्ये असतं, क्रीममध्ये असतं आणि इंजेक्शनमध्येही.

इंजेक्शनमध्ये ते कशासाठी?

कॅन्सर आणि संधिवातावरची अनेक नवी औषधं प्रोटीनपासून बनतात. बाटली हलली की प्रोटीनचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागावर येतात, उलगडतात आणि एकमेकांना चिकटतात. अशा गुठळ्यांमुळे औषधाचा परिणाम घटतो. शरीर औषधाविरुद्धच अँटीबॉडी तयार करू शकतं. पॉलिसॉर्बेट साबणासारखं काम करतं. ते पृष्ठभागावरची जागा आधीच अडवतं. पुण्यात बनलेल्या कोविशील्डमध्येही पॉलिसॉर्बेट ८० होतं.

मग दर्जाचा प्रश्न कुठे येतो?

पॉलिसॉर्बेट हा एकच रेणू नाही, अनेक रेणूंचं मिश्रण आहे. अमेरिका आणि युरोपच्या निकषांनुसार त्यातल्या फॅटी ॲसिडमध्ये ओलिक ॲसिड किमान ५८ टक्के हवं. चीनमध्ये इंजेक्शनसाठी ही अट ९८ टक्के आहे. शिवाय हवा आणि प्रकाशामुळे त्यात पेरॉक्साइड तयार होतात आणि तेच प्रोटीनला खराब करतात. म्हणजे संरक्षणासाठी घातलेला घटकच नुकसान करू शकतो. म्हणून इंजेक्शनसाठी कमी पेरॉक्साइडचा दर्जा निवडतात आणि प्रत्येक औषधासोबत त्याची वेगळी चाचणी घेतात. सर्वात शुद्ध तेच सर्वात टिकाऊ, असं गृहीत धरता येत नाही.

महाराष्ट्राला हा धडा आधीच मिळालाय

१९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिल्यानंतर १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली. तिथे दोष 'साध्या' समजल्या जाणाऱ्या ग्लिसरीनच्या दर्जाचा होता. पॉलिसॉर्बेटचा धोका तसा विषाचा नाही, पण तपासणी टाळली तर महागडं इंजेक्शन गुपचूप निकामी होऊ शकतं.

तुम्ही काय करायचं?

अशी इंजेक्शनं जोरात हलवू नका, फ्रीजरमध्ये ठेवू नका. एरवी स्वच्छ दिसणारं औषध गढूळ झालं किंवा त्यात कण दिसले, तर ते टोचण्याआधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवा.