करवतीमागचे पाते

पश्चिम दिल्लीतील कीर्ती नगर हा भाग लाकडाच्या वखारी आणि फर्निचरचा बाजार यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तेथील झगमगत्या दालनांतून पलंग व कपाटे विकली जातात. परंतु ती जेथे घडतात त्या गल्लीबोळांतील कार्यशाळांत गिऱ्हाइकाचे पाऊल सहसा पडत नाही. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले कारागीर तेथे गोल करवतीच्या टेबलापाशी दिवसभर उभे असतात. एखाद्याचे बोट तुटले की मालकवर्गाच्या तोंडी एकच शब्द असतो : निष्काळजीपणा!

हा शब्द तपासून पाहणे अगत्याचे आहे. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या १० इंची करवतीचे दात ताशी १४० किलोमीटरहून अधिक वेगाने धावतात. कारागिराच्या बाजूचे दात वरून खाली येतात व फळी टेबलावर दाबून धरतात. मागच्या बाजूचे दात मात्र खालून वर उसळतात. ओल्या किंवा ताण असलेल्या लाकडाची चीर मागे मिटून करवतीला आवळू लागली, अथवा फळी गाईडपट्टीपासून तिरकी सरकली, की हे मागचे दात तिला उचलतात आणि त्याच वेगाने कारागिराच्या पोटावर वा छातीवर फेकतात. हाच उलटा झटका. फळी हातातून निसटते आणि ती दाबून धरणारा हात त्याच क्षणी करवतीवर जाऊन पडतो. डोळ्याची पापणी लवण्याआधी हे सारे घडून जाते. अशा क्षणी सावधगिरी काय कामाची? सावधगिरी आधीच, यंत्रात आणि कामाच्या पद्धतीत असावी लागते.

ही पद्धत मुळीच गूढ नाही. फळीची सरळ कड गाईडपट्टीला आणि सपाट बाजू टेबलाला टेकलेली असावी. गाईडपट्टी करवतीला समांतर असावी. गाईडपट्टीशिवाय, नुसत्या हातांनी फळी कधीही चिरू नये. करवतीचे दात फळीच्या वर थोडेसेच दिसावेत. कारागिराने करवतीच्या रेषेत न उभे राहता बाजूला उभे राहावे. करवत आणि गाईडपट्टी यांच्यामधला तुकडा अर्ध्यावर न सोडता करवतीच्या पूर्ण पलीकडे जाईपर्यंत ढकलावा. अरुंद तुकडा असेल तर हाताने नव्हे, खाच पाडलेल्या काठीने. पलीकडे उभ्या असलेल्या मदतनिसाने फळी उचलू वा ओढू नये. छाटलेले तुकडे करवत पूर्ण थांबल्यावरच काढावेत.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची आहे ती करवतीच्या लगेच मागे, तिच्याच रेषेत उभी असणारी पोलादाची एक वक्र पट्टी. चीर मिटू न देणे आणि लाकूड मागच्या दातांवर चढू न देणे, एवढेच तिचे काम. ब्रिटनमध्ये १९२२ च्या नियमांनीच ती सक्तीची केली. भारतातही १९४८ च्या कारखाना कायद्याखाली राज्यांनी केलेल्या नियमांत हे मागचे पाते, करवतीवरचे झाकण आणि ढकलण्याची काठी यांची तरतूद आली. म्हणजे ज्ञान होते, उपाय होता, नियमही होता. मग दिल्लीच्या गल्लीत टेबलाखाली मोटर बसवून तयार केलेल्या करवतीमागे हे पाते का दिसत नाही?

कारण नियम करवत मोजत नव्हता, माणसे मोजत होता. १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या कामासाठी १० कामगार ही कारखान्याची मर्यादा होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती २० वर नेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता अंमलात आली. सहा कारागिरांच्या कार्यशाळेतील करवत साठ कारागिरांच्या कारखान्यातील करवतीपेक्षा सावकाश फिरते, असे राज्यकर्त्यांना वाटते काय? उलट, जेथे माणसे थोडी, मजुरी नगावर आणि भाडे डोक्यावर, तेथेच घाई अधिक असते. आणि संरक्षणाचे साधन सर्वांत आधी अडगळीत पडते ते घाईमुळेच.

अपघातानंतर हिशेब होतो तो टक्केवारीत. १९२३ पासून चालत आलेल्या भरपाईच्या परिशिष्टात संपूर्ण तर्जनी गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी १४ टक्के आणि अंगठा गेल्यास ३० टक्के धरली जाते. ज्याची पकड हेच ज्याचे भांडवल, त्या सुताराचा अंगठा गेल्यावर उरलेल्या ७० टक्क्यांचे काम त्याला कोण देणार? शिवाय हजेरीपटावर नावच नसेल, तर ही टक्केवारी पदरात पाडून घेण्यासाठीही त्याला आधी आपण कामगार होतो हे सिद्ध करावे लागते.

छोटा मालक म्हणतो की त्याला हे परवडत नाही. अनेकदा तो स्वतःच कारागीर असतो, त्याचाही हात त्याच टेबलावर असतो. म्हणून त्याच्या अडचणीची टर उडवण्याचे कारण नाही. पण पोलादाची एक पट्टी परवडत नाही हे म्हणणे टिकणारे नाही. मागचे पाते आणि झाकण यांवाचून करवतीचे टेबल विकण्यासच बंदी घातली, तर हा भार छोट्या मालकावर न पडता यंत्र विकून नफा मिळवणाऱ्यावर पडेल. धोकादायक कामाच्या ठिकाणी एकच कामगार असला तरी नियम लागू करण्याची मुभा नव्या संहितेत केंद्र सरकारला आहे. ती गोल करवतीसाठी वापरावी, ही मागणी कामगार संघटनांनी लावून धरली पाहिजे.

त्याचबरोबर संघटनेने सरकारी फर्मानाची वाट पाहत बसू नये. फळी कशी धरावी, कोठे उभे राहावे, हे नव्याने आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी शिकवणे, आणि पाते नसलेल्या टेबलावर काम करण्यास सर्वांनी मिळून नकार देणे, हेही संघटनेचेच काम आहे. एकट्याने नकार दिला तर त्याची रोजी जाते. सर्वांनी दिला तर करवतीमागे पाते बसते.