म्हणे सगळं आधीच ठरलं होतं!

'स्टार वॉर्स'च्या भक्तांशी वाद घालू नये, असं शहाणे लोक सांगतात. मी तेवढा शहाणा नाही. आणि तुम्ही हा लेख उघडला आहे, म्हणजे तुमचंही काही खरं नाही.

या पंथाचा मूळ सिद्धान्त असा : जॉर्ज लुकास नामक त्रिकालज्ञ पुरुषाला संपूर्ण गाथा एका झटक्यात दिसली. बाप, मुलगा, जुळी बहीण, बापाचं पतन, बापाचा उद्धार, सगळं सगळं, भागांच्या क्रमांकांसकट. मग त्याने निव्वळ सोय म्हणून मधूनच सुरुवात केली. वेद अपौरुषेय आहेत असं आपल्याकडे म्हणतात. ते निदान जुने तरी आहेत. इथे मामला १९७७ सालचा आहे आणि त्याआधीच्या कच्च्या खर्ड्यांचे कागद आज वाचायला मिळतात. भक्त ते वाचत नाहीत. मूळ ग्रंथ न वाचता आरती म्हणणं ही परंपरा काही आपलीच मक्तेदारी नव्हे.

तर मुळापासून घेऊ. लुकासला करायचा होता 'फ्लॅश गॉर्डन'. त्याचे हक्क मिळाले नाहीत. म्हणजे या अलौकिक दर्शनाचं पहिलं कारण काय? दुसऱ्याचं दुकान विकत मिळालं नाही, हे! मग जानेवारी १९७३ मध्ये त्याने 'जर्नल ऑफ द व्हिल्स' नावाची दोन पानं लिहिली. मेस विंडी नावाचा कोणी जेडाय-बेंडू योद्धा आणि त्याची थोरवी सांगणारा शिष्य. दोन पानांत विशेषनामांचा असा पाऊस की वाचणाऱ्याने छत्री घेऊन बसावं. मे महिन्यात हे बाजूला सारून नवा आराखडा आला. त्याचा सांगाडा सरळ अकिरा कुरोसावाच्या १९५८ च्या 'द हिडन फोर्ट्रेस'चा : शत्रूच्या मुलखातून राजकन्येला सुखरूप नेणारा सेनापती आणि सोबत फरफटत जाणारे दोन कुरकुरे इसम. सेनापतीचं नाव ल्यूक स्कायवॉकर. हो, तोच ल्यूक. सगळं आधीच ठरलं होतं ना, फक्त नायक मुलगा आहे की पोक्त सेनानी, एवढा किरकोळ तपशील राहून गेला होता. युनायटेड आर्टिस्ट्स आणि युनिव्हर्सल या दोघांनी नकार दिला. फॉक्सच्या अ‍ॅलन लॅड ज्युनियरने पैसे लावले, तेही कागदापेक्षा माणसावर भरवसा ठेवून. कागद वाचले की त्याचं बरोबर होतं असं वाटतं.

खरी मौज मे १९७४ च्या पहिल्या सलग खर्ड्यात आहे. हान सोलो हिरव्या कातडीचा, बिननाकाचा, कल्ले असलेला परग्रहवासी आहे. आर-टू-डी-टू चक्क बोलतो, अगदी पूर्ण वाक्यांत, कर्ता-कर्म-क्रियापदासह! डार्थ व्हेडर साम्राज्याच्या नोकरीतला एक साधा सेनापती; मुखवटा नाही, घरघर नाही. अर्धं यंत्र झालेलं शरीर आहे ते दुसऱ्याच एकाचं, केन स्टारकिलर नावाच्या वृद्ध जेडायचं. आणि जंगलात राहणारे केसाळ वूकी साम्राज्याच्या फौजेला धूळ चारतात.

हे वाचून हसू येतं, पण नीट बघा, यातलं वाया काय गेलं? यंत्राचं शरीर व्हेडरला मिळालं. जंगलातली लढाई १९८३ मध्ये परत आली, फक्त वूकींची उंची कापून त्यांचे इवॉक केले. व्हॅलोरम नावाचा सिथ योद्धा १९९९ मध्ये सभ्य राष्ट्रप्रमुख होऊन उगवला. त्याच वर्षी विंडीचा विंडू झाला. स्टारकिलर हे आडनाव २०१५ मध्ये एका अख्ख्या लष्करी तळाला चिकटवलं. रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी होते आणि ती उत्तमही लागते. पण आदल्या रात्री कणीक मळतानाच मला ही फोडणी दिसली होती, असं आमच्या आईने कधी सांगितलं नाही. लुकास सांगतो! हा उद्योग त्याने निगुतीने केला याबद्दल मला आदरच आहे. माझं भांडण नंतरच्या सारवासारवीशी आहे.

जानेवारी १९७५ च्या दुसऱ्या खर्ड्यात राजकन्या जवळपास गायब. कथेत बाई उरली नाही हे लक्षात आल्यावर काय करावं? काही काळ ल्यूकचीच मुलगी करून टाकली. राल्फ मॅक्वारीने त्या मुलीसकट चित्रही रंगवलं. पुढे राजकन्या परतली आणि ल्यूक पुन्हा पुरुष झाला. द्रष्ट्यांच्या दर्शनात नायकाचं लिंग असं ये-जा करतं, हे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी टिपून ठेवावं.

याच मॅक्वारीकडे जरा थांबू या. व्हेडर एका यानातून दुसऱ्या यानात शिरतो, असा प्रसंग खर्ड्यात होता. चित्रकाराला साधा प्रश्न पडला : मधल्या पोकळीत हा गृहस्थ श्वास कसा घेणार? म्हणून त्याने चित्रात श्वसनाचा मुखवटा घातला. एका प्रसंगापुरता! मुखवटा आवडला, राहिला. मग तो कायमचा का, याला कारण हवं. कारण म्हणून जखमा आल्या. जखमांसाठी भूतकाळ आला. आणि २००५ मध्ये त्या भूतकाळासाठी लाव्हाच्या नद्यांकाठी एक अख्खा चित्रपट काढावा लागला. ध्वनिरचनाकार बेन बर्टने पाणबुड्याच्या श्वसनयंत्राचा आवाज टिपून त्या घरघरीला गळा दिला. विसाव्या शतकातला सर्वांत ओळखीचा खलनायक असा जन्मला : मसुद्यातल्या एका अडचणीतून आणि चित्रकाराच्या व्यवहारी शंकेतून. यात कमीपणा कसला? पण नाही, भक्तांना त्यातही नियती हवी.

ल्यूकचा गुरू, म्हातारा जेडाय ओबी-वान केनोबी, याचंही तेच. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा कागदावर तो जिवंत होता. व्हेडरशी झुंज देऊन निसटायचा आणि मग शेवटच्या लढाईत त्याला कामच उरत नव्हतं. अ‍ॅलेक गिनेससारखा नट कोपऱ्यात उभा करून ठेवायचा? त्याला मारून टाक, हे मार्शा लुकासने सुचवलं. ही जॉर्जची तेव्हाची पत्नी. याच चित्रपटाच्या संकलनाचं ऑस्कर मिळालेल्या तिघांपैकी एक. संवादांवरून शेवटचा हात फिरवला विलर्ड हायक आणि ग्लोरिया कॅट्झ या जोडप्याने. पंथाच्या पोथीत ही नावं तळटीपेत असतात, तीही बारीक टायपात.

आता मुख्य देव्हाऱ्याकडे वळू : व्हेडर हा ल्यूकचा बाप. हे तर पहिल्यापासून ठरलेलंच, नाही का? दुसऱ्या चित्रपटाची पहिली पटकथा ली ब्रॅकेट या मुरलेल्या लेखिकेने फेब्रुवारी १९७८ मध्ये लिहून दिली. पुढच्याच महिन्यात ती वारली. तिच्या खर्ड्यात ल्यूकचा बाप भूत होऊन प्रकट होतो. स्वतंत्रपणे! व्हेडर वेगळा, बाप वेगळा. ल्यूकला जुळी बहीण आहे, पण तिचं नाव नेलिथ आणि ती विश्वाच्या पार दुसऱ्या टोकाला. ब्रॅकेट गेल्यावर लुकासने स्वतः पुढचा खर्डा हाताने लिहिला आणि त्यात बाप नि खलनायक एक झाले. ही कल्पना झकास आहे, मान्य. पण मग १९७७ च्या चित्रपटात केनोबी जे सांगून बसला होता, की व्हेडरने तुझ्या बापाला मारलं, त्याचं काय? तर १९८३ मध्ये केनोबीचं भूत येऊन खुलासा करतं की एका अर्थी ते खरंच होतं. असले खुलासे आपल्याकडे विधानसभेत होतात. तिथे निदान कोणी त्यांना महाकाव्य म्हणत नाही. आणि राजकन्या लेया ही ल्यूकची बहीण असल्याचं आधीच ठरलं होतं, तर १९८० मध्ये ती ल्यूकचं तसलं चुंबन का घेते, यावर भाष्यकार मौन पाळतात. पाळोत बापडे.

क्रमांकांचं काय म्हणता? दुसऱ्या खर्ड्यावर 'एपिसोड एक' लिहिलं आहे. मार्च १९७६ च्या चौथ्या, सुधारित खर्ड्यावर 'सागा एक'. १९७७ मध्ये लोकांनी जो चित्रपट पाहिला त्यावर आकडाच नव्हता. 'एपिसोड चार' ही पाटी लागली १९८१ च्या पुनःप्रदर्शनात. एकूण चित्रपट किती, याचं उत्तर मुलाखतींतून कधी बारा, कधी नऊ, आणि सहा झाल्यावर सहाच. भूतकाळाबद्दल इतकी अचूक भविष्यवाणी मी आजवर पाहिलेली नाही.

राहता राहिला ग्रीडो, बक्षिसासाठी हानच्या मागावर आलेला परग्रहवासी. १९७७ मध्ये हान त्याला टेबलाखालून उडवतो, एकतर्फी. १९९७ च्या आवृत्तीत ग्रीडोच आधी गोळी झाडतो आणि हातभर अंतरावरून चुकतो. मग २०१२ मध्ये लुकासने सांगितलं की मुळात तसंच होतं, तुम्हा लोकांचाच गैरसमज झाला! २०१५ मध्ये कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठाच्या ग्रंथालयात १५ मार्च १९७६ ची पटकथेची प्रत हाती लागली, चित्रीकरणाच्या आठवडाभर आधीची. तीत नायकाचं आडनाव अजून स्टारकिलरच आहे. आणि ग्रीडोची गोळी? शोधून सापडत नाही. यावर भक्त काय म्हणणार तेही मला पाठ आहे : छे हो, तो तर कच्चा खर्डा होता!