खेकड्याचं खातं

खेकडा म्हटलं की मराठी माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक कालवण आणि दुसरी ती टोपली. टोपलीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे : मराठी खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, वर चढणाऱ्याचा पाय ओढायला खालचे समर्थ असतात. ही गोष्ट सांगणारा स्वतः मराठीच असतो आणि वर चढू लागलेल्या दुसऱ्या मराठी माणसाबद्दलच ती सांगत असतो, त्यामुळे पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. पण आज मला त्या टोपलीत हात घालायचा नाही. माझा खेकडा आफ्रिकेतला आहे, गोड्या पाण्यातला आहे, आणि माझं भांडण खेकड्याशी नसून उपयोगवाल्यांशी आहे.

उपयोगवाले म्हणजे कोण, ते सांगतो. आफ्रिकेत गोड्या पाण्यातल्या खेकड्याची नवी जात सापडली, की आपल्या वर्तमानपत्रात दीड इंचाची बातमी येते. तीही कोपऱ्यात जागा उरली तर. ती वाचून जो माणूस चष्मा कपाळावर चढवतो आणि म्हणतो, "बरं, पण याचा उपयोग काय?" तो उपयोगवाला. आमच्या शाखेतले हेडकॅशियर या पंथाचे आचार्य आहेत. याच गृहस्थांना १९७५ च्या वर्ल्ड कपमध्ये गावसकरांनी इंग्लंडविरुद्ध पूर्ण ६० षटकं खेळून नाबाद ३६ धावा केल्या, हे तोंडपाठ आहे. त्याचा उपयोग काय, असं त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही. जाब फक्त खेकड्यालाच.

मुळात 'नव्या जातीचं वर्णन' हा शब्दच लोकांना फसवतो. वर्णन म्हटल्यावर आपल्याला शाळेतला 'पावसाळ्यातील एक दिवस' आठवतो. कुणी शास्त्रज्ञ ओढ्याकाठी बसून 'अहाहा, काय त्याच्या नांग्या' असं लिहीत असेल, अशी कल्पना होते. प्रत्यक्षात हे काम आमच्या खात्यातलं आहे. नव्या गिऱ्हाइकाचं खातं उघडण्यापेक्षा ते तसूभरही निराळं नाही आणि तितकंच रटाळ आहे. पत्ता पाहिजे : कुठला ओढा, किती उंचीवर, अक्षांश-रेखांश काय. फोटो आणि चित्रं पाहिजेत. कवचाची रुंदी मिलिमीटरच्या दशांशापर्यंत पाहिजे. कवचाच्या कडेला दात किती, जबड्याजवळच्या उपांगांची ठेवण कशी, सगळं लिहायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाची नमुना सही! ती असते नराच्या पोटाखाली, दुमडलेल्या शेपटीच्या आड, उपांगांच्या पहिल्या जोडीवर. हे उपांग कुठल्या कामाचं, ते विवाहित वाचकांना सांगायला नको. त्याचं टोक कुठे वळतं, किती वळतं, यावर खेकड्याची जात ठरते, कारण वरून पाहिलं तर निम्म्या आफ्रिकेतले खेकडे एकाच दुकानातून रंग आणल्यासारखे तपकिरी दिसतात. नुसती मादीच हाती लागली, की भले भले तज्ज्ञ मान खाजवतात. हल्ली जोडीला डीएनए पाहतात, पण ते आमच्या आधार कार्डासारखं झालं. त्याने सहीचं काम सुटत नाही.

मग एक खेकडा अल्कोहोलच्या बाटलीत घालून संग्रहालयात नंबर टाकून ठेवायचा. याला होलोटाइप म्हणतात. पुढे कधी वाद झाला, की सही याच कार्डाशी ताडायची. नाव रोमन लिपीतच पाहिजे. आणि कुणी शंभर वर्षांपूर्वी याच खेकड्याचं खातं दुसऱ्या नावाने उघडलेलं निघालं, तर जुनं नाव चालू आणि तुमचं बंद. म्हणजे नवं नाव द्यायचं तर जुने सगळे लेजर वाचून काढणं आलं.

आणि हे लेजर आहेत कुठे? इथे माझं रक्त तापतं. मेरी रॅथबन या अमेरिकन बाईंनी १९०४ ते १९०६ या काळात गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो पॅरिसमध्ये, फ्रेंच भाषेत. रिखार्ड बॉट हे फ्रँकफुर्टचे. त्यांचा आफ्रिकेतल्या खेकड्यांवरचा १९५५ चा ग्रंथ जर्मनमध्ये, आणि छापला बेल्जियमच्या काँगो संग्रहालयाने. खेकडा आफ्रिकेचा, भाषा जर्मनीची, छापखान्याचं बिल बेल्जियमचं! बाटल्याही तिकडच्याच कपाटांत. म्हणजे आपल्या गावच्या ओढ्यातला खेकडा ताडून पाहायला आफ्रिकेतल्या विद्यार्थ्याने आधी व्हिसाच्या रांगेत उभं राहायचं. दागिने आपले, लॉकर परगावी आणि किल्ली तिसऱ्याकडे. आपल्याला तरी हा अनुभव कुठे नवा आहे?

ॲडम अफझेलियस नावाचे एक स्वीडिश गृहस्थ होते. लिनियसचे शिष्य. त्यांनी १७९६ मध्ये सिएरा लिओनमध्ये एक खेकडा पकडला आणि मायदेशी नेला. त्या खेकड्याला नाव मिळालं १९२४ मध्ये, कोलोसी नावाच्या इटालियन पंडिताकडून. खातं उघडायला १२८ वर्षं! (आमच्या बँकेला नावं ठेवणाऱ्यांनी हा आकडा खिशात ठेवावा.) नाव मिळालं, पण खातेदार बेपत्ता. आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेकडे जातात. इथे १७९६ नंतर जिवंत खेकडा कुणा शास्त्रज्ञाने पाहिलेलाच नव्हता. २०२१ मध्ये कॅमेरूनच्या डुआला विद्यापीठाचे पिएर म्वोगो न्डोंगो हे सिएरा लिओनमध्ये गेले. त्यांनी गावोगाव लोकांना विचारलं, पाण्यापासून दूर, रानात किंवा शेतात राहणारा खेकडा तुम्हाला ठाऊक आहे का? लोकांना ठाऊक होता. २२५ वर्षं 'हरवलेला' खेकडा आपल्या बिळात सुखरूप होता. हरवले होते ते आपण. त्याच फेरीत १९५५ नंतर न दिसलेली दुसरी एक जातही त्यांना सापडली. जंगल तोडून शेतं करण्याचा वेग पाहता दोन्ही किती दिवस टिकतील, हा प्रश्नच आहे. पण निदान आता कुणी झाड तोडायला आलं, तर 'इथे अमुक राहतो' असं नाव घेऊन सांगता येतं. बिननावाच्या जिवाची बाजू कुठल्या कागदावर मांडणार? आमच्याकडेही बाई काउंटरवर रडत येतात, 'यांचे पैसे तुमच्याकडेच होते हो,' आणि खातं नंबर नसला की साहेबसुद्धा हळहळण्यापलीकडे काही करू शकत नाहीत.

याच न्डोंगोसाहेबांनी दोन सहकाऱ्यांबरोबर २०१९ मध्ये कॅमेरूनमधल्या दोन नव्या जातींचं वर्णन केलं. एकीचं नाव लुईसिया न्कोंगसांबा, दुसरीचं लुईसिया याबासी. दोन्ही गावांची नावं आहेत. यांची मत्स्यविज्ञानाची संस्था याबासीलाच आहे. म्हणजे किल्ली हळूहळू घरी येते आहे.

"पण इतक्या जाती हव्यात कशाला? एक खेकडा, दुसरा खेकडा, फरक काय?" असं हेडकॅशियर म्हणतात. फरक असा. समुद्रातल्या खेकड्यांची पिल्लं आधी अळीच्या रूपात पाण्यावर तरंगत दूरदूर जातात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं अंड्यातून थेट छोटे खेकडे होऊनच बाहेर येतात आणि आईच्या पोटाखाली चिकटून राहतात. त्यामुळे हे कुटुंब गाव सोडत नाही. एका डोंगरावरचे शेकडो पिढ्या तिथेच, पलीकडच्या डोंगरावरचे पलीकडे. मग जाती वेगळ्या होणारच. आपल्या सह्याद्रीतही तेच. इथल्या एका खेकड्यांच्या गटाला २०१४ मध्ये 'घाटियाना' असं घरगुती नाव मिळालं आहे. आफ्रिकेतल्या मोठ्या गटाला मात्र मॅक्ले यांनी १८३८ मध्ये 'पोटॅमोनॉटिस', म्हणजे नदीवरचा खलाशी, असं नाव दिलं. खलाशी कसला! आयुष्यात एक ओढा ओलांडत नाही. त्यांतल्या एकाने तर ओढाही सोडला आहे. केनिया आणि टांझानियाच्या जंगलात झाडांच्या ढोलीत पावसाचं पाणी साचतं, त्यात तो राहतो. त्याचं वर्णन झालं २००४ मध्ये. एवढ्या पाण्यात आमच्या चाळीत दोन बिऱ्हाडं आंघोळ करायची.

आता उपयोग. मला खरं तर या प्रश्नाचं उत्तर देण्याची इच्छा नाही, पण आचार्य रुसतील म्हणून देतो. आफ्रिकेत काळ्या माशीच्या चाव्यातून एक कृमी माणसाच्या अंगात शिरतो आणि शेवटी डोळे जातात. पूर्व आफ्रिकेत हा रोग पसरवणाऱ्या एका माशीच्या अळ्या शास्त्रज्ञांना कुठे म्हणून सापडेनात. इतर काळ्या माश्यांच्या अळ्या दगडांना, पानांना चिकटलेल्या मिळायच्या. १९५० मध्ये केनियातून उलगडा जाहीर झाला : ही बया खेकड्याच्या अंगावर वाढत होती! पुढे युगांडात रोग हटवण्याच्या मोहिमेत माणसं खेकडे पकडून पकडून तपासायची, अळ्या आहेत की गेल्या. तिथेही कुठला खेकडा माशीला अंगावर घेतो आणि कुठला घेत नाही, हे कळावं लागतं. नुसतं 'खेकडा' म्हणून भागत नाही. दुसरं उदाहरण नायजेरियाचं. १९६७ ते १९७० च्या यादवी युद्धात पूर्व भागात उपासमार झाली, लोकांनी मिळतील ते खेकडे अर्धेकच्चे खाल्ले, आणि त्यातून फुप्फुसात कृमी होण्याचा रोग बळावला. खोकल्यातून रक्त पडायचं. हा रोग क्षयासारखा दिसतो, आणि क्षयाच्या औषधाने तो हटत नाही.

हे ऐकल्यावर आचार्य दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "हां, असा उपयोग असेल तर ठीक." मला तेच पटत नाही. ज्या खेकड्यावर माशी बसत नाही आणि ज्याच्यात कृमी नाही, त्याने नाव मागायचंच नाही की काय? आमच्याकडे शून्य शिलकीचं खातंही उघडतो आम्ही, मुकाट्याने, सरकारी आदेश आहे म्हणून.

२००९ मध्ये नील कंबरलिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचं एक ऑडिटच केलं. १२८० जाती तपासल्या. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांच्या पुढे शेरा पडला : माहिती अपुरी. जगताहेत की मेल्या, वाढताहेत की आटताहेत, सांगता येत नाही. आणि या झाल्या नाव मिळालेल्या. आमच्या धंद्यात ज्या रकमेचा धनी कळत नाही, ती 'सस्पेन्स'मध्ये टाकतात. वर्षअखेरीला सस्पेन्समध्ये चौदा रुपये वीस पैसे उरले, तर आम्हाला रात्री साडेआठपर्यंत कोंडून बसवतात, बाहेरून वडापाव मागवतात, पण ते चौदा रुपये कुणाचे ते शोधायलाच लावतात. इथे सहाशेवर खाती सस्पेन्समध्ये पडून आहेत. त्यांतल्या आफ्रिकेतल्या खात्यांचा शोध घ्यायला जी माणसं बसली आहेत, ती सगळी मिळून आमच्या शाखेच्या जेवणाच्या खोलीत मावावीत, आणि त्यांचाही अर्धा वेळ अनुदानाच्या अर्जावरचा 'उपयोग' हा रकाना भरण्यात जात असणार.