पूरसंरक्षक भिंतीआधी गोदापात्राची तपासणी हवी

नाशिक, प्रतिनिधी

गोदावरीला मोठा पूर येऊन गेला की शहरात पूरसंरक्षक भिंतीची मागणी डोके वर काढते. १९ सप्टेंबर २००८, २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ या अवघ्या अकरा वर्षांतील तीन महापुरांनी गोदाकाठच्या व्यापारी व रहिवाशांची झोप उडविली. त्यामुळे ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. मात्र भिंत कोठे, किती उंच आणि कोणाच्या रक्षणासाठी, हे ठरविण्यापूर्वी करावयाच्या तपासण्यांकडे फारसे कुणाचे लक्ष नाही.

नाशिककर पुराची उंची दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. श्रद्धेपुरते हे माप पुरेसे असले, तरी अभियंत्याला पात्राचे ठिकठिकाणचे आडवे छेद लागतात. पूल, बंधारे, घाट आणि पात्रात ओतलेले काँक्रीट यांमुळे पाण्याची वाट किती अरुंद झाली, हे त्यावरूनच कळते. दुसरा प्रश्न पाण्याच्या उगमाचा. पूर म्हटला की गंगापूर धरणाच्या विसर्गाकडे बोट दाखविले जाते. परंतु धरणाखालच्या मुक्त पाणलोट क्षेत्राचे पाणी कोणत्याही दरवाजाच्या नियंत्रणात नसते. वाघाडी आणि नासर्डी याच शहरातून येऊन गोदावरीला मिळतात.

सर्वांत नाजूक दुखणे सराफ बाजाराचे आहे. नदीला पूर नसतानाही केवळ शहरातील मुसळधार पावसाने सरस्वती नाला तुंबतो आणि दुकानांत पाणी शिरते. नदीकाठी भिंत उभी राहिली आणि नाल्याच्या मुखाशी झडपा व पंपांची सोय नसली, तर हे पाणी भिंतीच्या आतच कोंडेल. म्हणजे नदीपासून वाचविलेला बाजार नाल्यात बुडायचा! नाल्यांचे उतार, तळपातळी आणि पूरकाळातील उलटा फुगवटा यांची मोजणी म्हणूनच भिंतीच्या आराखड्याइतकी महत्त्वाची ठरते.

पायाचे गणितही सर्वत्र सारखे नाही. बेसॉल्ट खडक उघडा असेल तेथे काँक्रीटची भिंत टिकते; गाळाच्या वा काळ्या मातीच्या थरावर मात्र पायाखालून पाणी झिरपून माती वाहून जाण्याचा धोका असतो. अंतराअंतरावर चाचणी बोअर घेऊन थर आणि झिरपा तपासल्याविना अंदाजपत्रकातील आकडे केवळ कागदी राहतात. बिहारमध्ये ऑगस्ट २००८ मध्ये कोसीचा बांध नेपाळमधील कुसहा येथे फुटला आणि बांधाच्या भरवशावर वसलेल्या लाखो लोकांना घरे सोडावी लागली.

शहरातील भिंतीचा परिणाम शहरापुरता राहत नाही. काठावर पसरणारे पाणी पात्रातच कोंडले की ते वेगाने पुढे जाते. निफाड तालुक्यातील सायखेडा, चांदोरी ही गावे २०१६ आणि २०१९ मध्ये पाण्याखाली गेली. तेथे दारणेचे पाणी येते आणि गाळाने भरलेल्या नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचा फुगवटाही जाणवतो. नाशिकच्या भिंतीचा अभ्यास या बंधाऱ्यापर्यंत नेला नाही, तर शहराचा पूर गावांच्या माथी मारल्यासारखे होईल. खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राकडे अशा प्रतिकृती-अभ्यासाची सोय आहे.

एक शंका बोलून दाखविलेली बरी. राज्यात निळी पूररेषा साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावर आखली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई आहे. भिंत झाली की रेषा नदीकडे सरकवा, असा आग्रह सुरू होण्यास वेळ लागणार नाही. तेथील भूखंडांचे मोल कोणास ठाऊक नाही? भिंतीनंतरही पूररेषा कायम राहणार काय, याचे उत्तर जलसंपदा विभाग व महापालिकेने मंजुरीपूर्वीच लेखी द्यावे.

पात्रातील बोअर पाणी ओसरल्यावर, उन्हाळ्यापर्यंतच घेता येतात, तर पूरपातळीच्या नोंदी पावसाळ्यातच मिळतात. त्यामुळे या तपासणीला किमान एक पूर्ण वर्ष द्यावे लागेल.