तुंबडी लावा हवी तर, पण ब्लेड नको

पौर्णिमेची वंदना झाली आणि आयाबाया विहाराच्या पडवीत टेकल्या की पाठ-कंबरेचा विषय निघतोच. काजूच्या कारखान्यात दिवसभर बसून बिया फोडायच्या, पावसात वाकून लावणी करायची, घरी आल्यावर पाण्याच्या कळशा. कंबर धरणार नाही तर काय? यंदा या बोलण्यात एक नवी वस्तू आली. प्लॅस्टिकच्या कपांचा संच आणि सोबत हातपंप, मुंबईच्या मुलाने पाठवलेला. कप पाठीवर ठेवायचा, पंपाने हवा ओढायची, कातडी फुगून आत येते. “पाठ हलकी झाली गो, खरां सांगतंय,” असे एकीने सांगितले आणि संच वेंगुर्ल्यातल्या आमच्या वस्तीत घरोघर फिरू लागला.

त्यात नवे आहे ते फक्त प्लॅस्टिक. ही आपली जुनी तुंबडी. वैदू लोक भोपळ्याची तुंबडी नाहीतर जनावराचे शिंग लावून रक्त ओढीत. सुश्रुतसंहितेत त्यांनाच अलाबू आणि शृंग म्हटले आहे, युनानीत हिजामा म्हणतात. पोट दुखले की बेंबीपाशी पणती पेटवून तिच्यावर तांब्या उपडा घालणाऱ्या आज्या आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या आहेत. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे गोल डाग जगाने पाहिले आणि तुंबडीला पुन्हा भाव आला.

विनयपिटकातही ती आहे. महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात आयुष्मान पिलिंदवच्छ यांच्या वाताच्या दुखण्याची हकिकत येते. भगवंतांनी त्यांना आधी शेक, वाफ, गरम पाणी घेण्याची अनुज्ञा दिली. पुढे सांधे दुखू लागले तेव्हा रक्त काढण्याची आणि शिंग लावण्याची. मग कुणी म्हणेल, तथागतांनीच मान्य केले, आणखी काय हवे? तर कालाम सुत्त हवे. केवळ परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे ज्यांनी कालामांना सांगितले, त्यांच्या नावावर तुंबडी खपवता येणार नाही. त्या काळी जे औषध हाताशी होते ते त्यांनी आजाऱ्याला नाकारले नाही, एवढाच अर्थ आम्ही घेतो. त्याच खन्धकात गुह्यभागी शस्त्र चालवायला मनाई आहे, कारण तिथली कातडी नाजूक आणि जखम भरायला कठीण. म्हणजे तिथेही परिणाम पाहूनच निर्णय आहे.

आपणही परिणाम पाहू. कप काढल्यावर राहणारा काळानिळा डाग म्हणजे “बाहेर आलेले घाण रक्त” नव्हे. ओढ बसल्यामुळे कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, त्याचा तो डाग. तो जास्त काळा पडला तर ओढ जास्त बसली किंवा कप जास्त वेळ राहिला, इतकेच. मान आणि कंबर यांच्या दुखण्यात काहींना थोडे दिवस आराम पडतो असे काही अभ्यासांत दिसले आहे, पण ते अभ्यास लहान आणि कच्चे आहेत. मधुमेह, रक्तदाब, वांझपण तुंबडीने बरे होते असे मोबाईलवर सांगणारे सरळ खोटे बोलतात.

आमचा खरा विरोध ब्लेडला आहे. कप लावून, फासण्या मारून, पुन्हा कप लावून रक्त काढण्याचे प्रकार आता घरीही होऊ लागले आहेत. एकच ब्लेड, एकच कप दोघा-तिघांना लावले की हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीला वाट मिळते. आपल्या बायांच्या अंगात आधीच रक्त कमी, त्यातले आणखी काढायचे? आणि आपल्याकडे लेप्टो आहे. अंगावर ओल्या चिरा घेऊन भाताच्या चिखलात उतरणे म्हणजे लेप्टोच्या जंतूला दार उघडून देणे. लेप्टोत ताप येतो, पोटऱ्या आणि कंबर ठणकते. माकडतापातही अंग मोडून येते आणि रक्तस्राव होऊ शकतो. 2016 साली दोडामार्गात आणि पुढच्या वर्षी बांद्याकडे या तापाने माणसे गेली, हे आपण विसरलेलो नाही. तापाच्या माणसाला तुंबडी लावण्यात जे दोन दिवस जातात, तेच दोन दिवस मोलाचे असतात. फुरसे चावल्यावर तर चीर आणि कप दोन्ही घातक. त्या विषाने रक्त गोठतच नाही. तिथे प्रतिविषाची सुई हवी, आणि ती सरकारी रुग्णालयात मिळते.

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठेवाडच्या शिक्षकाची हकिकत आहे. बाळंत झालेली बायको आजारी, पण डॉक्टर अस्पृश्याला हात लावायला तयार नाही. थर्मामीटरसुद्धा त्याने दुसऱ्या माणसाच्या हातून दिला. ती बाई वाचली नाही. आपल्या आज्यांचे घरगुती इलाज अशा बंद दारांमागेही टिकले, ते सगळेच हौसेचे नव्हते. आज दार उघडे आहे. पूर्ण उघडे नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. रांगेत उभे राहिले की दिवसाची मजुरी जाते. पण ते भांडण दवाखान्याशी भांडायचे, तुंबडीत बुडवून टाकायचे नाही.

तरीही कुणाला कोरडा कप लावायचाच असेल तर धडधाकट मोठ्या माणसाने, फक्त पाठीच्या मांसल भागावर, मणक्यावर नाही. ओढ हलकी, पाच मिनिटे पुष्कळ. काडी पेटवून नको, पंपानेच. कातडी भाजली तर पाठदुखी परवडली म्हणाल. कप प्रत्येकाचा वेगळा. गरोदर बाई, मूल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा, फुगलेल्या शिरांचा आणि मधुमेहाचा माणूस यांना नकोच. मधुमेहात बधिर कातडीला इजा कळत नाही आणि जखम चिघळते. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने ते बेजार असत, आणि त्यासाठी ते मुंबईत डॉ. मालवणकरांकडे उपचार घेत. डावा खांदा किंवा पाठ एकाएकी भरून आली, घाम सुटला, तर कप शोधत बसू नका, रिक्षा बोलवा. 108 ला फोन करा.

आणि मुंबईच्या मुलांना एक सांगणे. पुढच्या वेळी कपांचा संच नको, विहारासाठी रक्तदाब मोजायचे यंत्र पाठवा. पौर्णिमेला सगळ्या जमतातच, वंदनेनंतर एकेकीचा दाब बघून वहीत लिहून ठेवू.