‘देखभाल नको’ असे यंत्र नसते

ग्वाल्हेरात आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी इन्व्हर्टर आहे. त्याच्या बॅटरीत दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावे, टर्मिनलवर साचलेला हिरवट-पांढरा क्षार पुसून व्हॅसलीन लावावे, बॅटरी कोंदट जागी ठेवू नये, हे घरातल्या मोठ्यांना पाठ असते. ज्यांनी आळस केला त्यांची बॅटरी ऐन मे महिन्यात दगा देते. आता लिथियमच्या बॅटऱ्या आल्या. त्यांत पाणी घालावे लागत नाही, क्षार साचत नाही. दुकानदार सांगतो, “मेन्टेनन्स फ्री आहे, लावा आणि विसरून जा.” या ‘विसरून जा’बद्दल मला चार शब्द लिहावयाचे आहेत, कारण हीच वृत्ती घरातून मोठ्या प्रकल्पात गेली तर तिची किंमत फार मोठी असते.

मोठ्या बॅटऱ्या आता लांबच्या राहिलेल्या नाहीत. २०१९ साली दिल्लीत रोहिणी येथे १० मेगावॅटची बॅटरी विजेच्या जाळ्याला जोडली गेली. छत्तीसगडमध्ये राजनांदगाव येथे २०२४ साली सौर प्रकल्पासोबत ४० मेगावॅटची बॅटरी सुरू झाली. तिच्यात १२० मेगावॅट-तास, म्हणजे १,२०,००० युनिट वीज साठते. रोज १० युनिट वापरणाऱ्या १२,००० घरांची ही एका दिवसाची वीज झाली. आणि आपल्या शेजारच्या मुरैना जिल्ह्यात बॅटरीसह सौर प्रकल्प उभारण्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बोली लागली, तेव्हा सर्वांत कमी दर युनिटला २ रुपये ७० पैसे आला. दिवसा सूर्याची वीज साठवायची आणि सकाळ-संध्याकाळी मागणी वाढली की ती द्यायची, अशी ही योजना आहे. योजना चांगली आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण अशा प्रकल्पांवर पुढची अनेक वर्षे कामे करणारी मुले आज आपल्या शाळांच्या बाकांवर बसलेली आहेत, म्हणून हा विषय शाळेच्या पत्रकात यावा असे मला वाटले.

मोठ्या बॅटऱ्यांना जगात ज्या आगी लागल्या, त्यांची चौकशी वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दोष पुष्कळदा बॅटरीच्या आतल्या रसायनात सापडत नाही. तो तिच्या भोवतालच्या साध्या वस्तूंत सापडतो. नळी, जोड, पंखा, बोल्ट, स्विच!

ऑस्ट्रेलियातील जिलाँग शहराजवळचे उदाहरण घ्या. ३० जुलै २०२१ रोजी तेथे ३०० मेगावॅटच्या नव्या बॅटरीची चाचणी चालू असताना एका पेटीला आग लागली आणि ती शेजारच्या पेटीत पसरली. आग आटोक्यात आली असे जाहीर व्हायला तीन दिवसांहून अधिक काळ लागला. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. चौकशीत निघाले ते असे: पेटी थंड ठेवणारे द्रव आत गळले आणि त्यामुळे शॉर्ट सर्किट झाले. ती पेटी तेरा तास चालवून, त्या दिवशीच्या चाचणीत तिची गरज नाही म्हणून किल्लीच्या स्विचने बंद ठेवलेली होती. ‘बंद’ असल्यामुळे तिच्यावरची देखरेख आणि काही संरक्षक साधनेही बंद झाली. शिवाय नवीन पेटीची माहिती नियंत्रण कक्षात पोचायला तेव्हा चोवीस तास लागत. म्हणजे धोक्याची घंटा होती, पण ती ऐकणारे कोणी नव्हते.

यातली मुख्य गोष्ट मुलांनी समजून घ्यावी. दिवा, पंखा, मोटार यांचा स्विच बंद केला की त्यांतली वीज जाते. बॅटरीचे तसे नसते. तारा सोडवल्या तरी आतल्या सेलमध्ये वीज असतेच. एक लिथियम-लोह-फॉस्फेट सेल सुमारे ३.२ व्होल्टचा, पण असे शेकडो सेल ओळीने जोडले की दाब हजार-पंधराशे व्होल्टपर्यंत जातो. तीही डी.सी. वीज. घरच्या ए.सी. विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे उडालेली ठिणगी विझण्याची संधी मिळते, डी.सी.मध्ये ती संधी नसते. म्हणून ‘बंद’ अशी पाटी लावलेली बॅटरी ही बंद नव्हे, हे तपासनिसाने कायम मनात ठेवावे लागते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग येथे सप्टेंबर २०२१ मध्ये हवा खेळवणाऱ्या यंत्राचे एक बेअरिंग बिघडून धूर झाला. आग विझवणाऱ्या यंत्रणेने पाणी सोडले. तेही, प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे, ठरवलेल्यापेक्षा कमी धुरावर. पाण्याच्या नळ्यांचे काही जोड गळके निघाले, ते पाणी बॅटऱ्यांवर पडले आणि सुमारे सात टक्के बॅटरी-संच खराब झाले. आगीपासून वाचवणाऱ्या यंत्रणेनेच नुकसान केले. त्याच ठिकाणी जानेवारी २०२५ मध्ये मोठी आग लागली आणि सुमारे बाराशे लोकांना घरे सोडून जावे लागले.

तिसरे उदाहरण सर्वांत दुःखद. ॲरिझोना राज्यात सर्प्राइज या गावी १९ एप्रिल २०१९ रोजी बॅटरीच्या बंद खोलीतून धूर येऊ लागला. आग विझवणारा वायू आपोआप सुटला, पण तापलेल्या बॅटऱ्यांतून निघणारे ज्वलनशील वायू आत साठत राहिले. ते बाहेर जायला वाट नव्हती, आणि आत किती वायू आहे हे बाहेरून कळण्याची सोयही नव्हती. सुमारे तीन तासांनी अग्निशमन दलाच्या जवानांनी दार उघडले आणि स्फोट झाला. चार जवान गंभीर जखमी झाले. पहिला सेल कशामुळे बिघडला यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. पण वायूला वाट हवी होती आणि जवानांना आधी माहिती द्यायला हवी होती, यावर कोणाचे दुमत नव्हते.

हे वाचून कोणी म्हणेल, मग असल्या बॅटऱ्या नकोतच. मला ते पटत नाही. दक्षिण कोरियात २०१७ ते २०१९ या काळात अशा २३ आगी लागल्या. सरकारी समितीने जून २०१९ मध्ये कारणे जाहीर केली: विजेच्या धक्क्यापासून अपुरे संरक्षण, धूळ-दमटपणाकडे दुर्लक्ष, बसवण्यातली निष्काळजी आणि एकत्रित नियंत्रणाचा अभाव. यांतले एकही कारण माणसाच्या आटोक्याबाहेरचे नाही. २०१८ नंतरच्या पाच वर्षांत जगात बॅटऱ्या कितीतरी पटींनी वाढल्या, तरी त्या प्रमाणात अपघातांचा दर फार खाली आला. जिलाँगच्या आगीनंतर थंड द्रवाच्या नळ्यांची दाब देऊन चाचणी सुरू झाली, आणि चोवीस तासांऐवजी तासाभरात माहिती नियंत्रण कक्षात पोचू लागली. म्हणजे शिकले तर धोका कमी होतो. भीतीपेक्षा शिस्त उपयोगी पडते.

ही शिस्त म्हणजे नेमके काय? बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळलेला आहे की नाही हे टॉर्क पान्याने पाहणे. सैल जोड तापतो, म्हणून उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने जोड तपासणे. थंड द्रवाची पातळी आणि नळ्यांचे जोड पाहणे. पंखे व गाळण्या साफ ठेवणे. आपल्याकडच्या लू आणि धुळीत हे काम परदेशापेक्षा जास्त वेळा करावे लागेल. जमिनीशी इन्सुलेशन किती आहे ते मोजणे. एखाद्या सेलचा व्होल्टेज किंवा तापमान इतरांपेक्षा वेगळे जाऊ लागले आहे का, हे महिन्या-महिन्याच्या आकड्यांतून ओळखणे. वायू ओळखणारे सेन्सर अजून खरे बोलतात का, हे खरा वायू देऊन पाहणे. आणि घंटा वाजवून ती शेवटच्या माणसापर्यंत पोचते का, याची खात्री करणे. यांत चमकदार असे काहीच नाही. म्हणूनच ते टाळले जाते.

आपण मध्य प्रदेशातले लोक. आपल्याला तर हे वेगळे सांगायला नको. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कारखान्यात टाकी थंड ठेवणारे यंत्र होते, पण बंद होते. वायू जाळणारी मशालीची यंत्रणा होती, पण तिची नळी काढलेली होती. वायू धुणारे यंत्र होते, तेही नुसते राखीव ठेवलेले होते. बॅटरीची आग आणि भोपाळची दुर्घटना यांची तुलना होऊच शकत नाही, आणि मी ती करत नाही. सवय मात्र एकच आहे: साधन बसवले म्हणजे सुरक्षितता आली असे मानायचे, आणि ते चालू आहे का हे कोणी पाहायचे नाही.

यासाठी तीन गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. पहिली, विजेचा दर स्वस्त करताना देखभालीचा खर्च करारात वेगळा दाखवावा, म्हणजे पैसे वाचवायला प्रथम त्याच्यावर हात पडणार नाही. दुसरी, प्रकल्प चालवणारा आणि तपासणारा वेगळा असावा, आणि जवळच्या अग्निशमन केंद्रातील जवानांना प्रकल्प सुरू होण्याआधीच जागेवर नेऊन सगळे दाखवावे. दार केव्हा उघडायचे नाही, हे त्यांना आग लागल्यावर कळून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. मुलगा इंजिनिअर व्हावा असे आपण म्हणतो; तो आय.टी.आय. करून तंत्रज्ञ झाला तर चार लोकांत सांगायला संकोचतो. पण त्या पेटीचे दार उघडून गळती शोधणारा तोच असतो. पालकहो, या कामाला मान द्या. मुलींनाही या कामापासून दूर ठेवू नका. सेन्सरची तपासणी आणि आकड्यांची नोंद यांत ताकद लागत नाही, चिकाटी लागते.

आणि शिक्षकांना एक विनंती. शाळेत भिंतीवर लाल अग्निशामक नळकांडी टांगलेली असतात. आठवी-नववीच्या मुला-मुलींची एक तुकडी करून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती तपासू द्या: काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन जागेवर आहे का, पुन्हा भरण्याची तारीख उलटली का. वहीत नोंद करून खाली सही करू द्या. काटा लाल पट्ट्यात दिसला तर ‘ठीक आहे’ असे न लिहिता ‘लाल पट्ट्यात आहे’ असेच लिहायचे, आणि तसे लिहिल्याबद्दल कोणी रागवायचे नाही, एवढे त्या मुलांना या वयात कळले तरी पुष्कळ झाले.