नोटीस आली, आता 90 दिवस

चाळीचा मालक वारला की मुलांत जुंपते. थोरला म्हणतो भाडे मला द्या, धाकटा म्हणतो मला. मग आपला भाडेकरू चिडून म्हणतो, “आधी मालक कोण ते ठरवा, मग देतो.” इथेच घात होतो. मालकीचे भांडण त्यांचे, थकबाकी मात्र आपल्या नावावर चढते.

भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे कलम 15 पाहा. थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर 90 दिवस उलटल्याशिवाय मालकाला त्या कारणाने दावा लावता येत नाही. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सारी थकबाकी, दरसाल दर शेकडा 15 साधे व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, तर थकबाकीपोटी घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. पण अर्धवट भरून चालत नाही. महिना 200 धरले तरी तीन वर्षांचे 7200 होतात, व्याज वेगळे. म्हणून वाद मिटेपर्यंत भाडे दरमहा बाजूला काढून ठेवा. (11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना हे संरक्षण नाही.)

कित्येक जण नोटिशीचे पाकीटच परत पाठवतात. त्याने काही टळत नाही. नाकारलेले पाकीट मिळाले असेच कोर्ट सहसा धरते. पोस्टमन बहुधा दुपारी येतो. भगिनींनो, पाकीट घ्या आणि मिळाल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा.